मतपत्रिकेच्या तळाकडची नावं : अमेरिकी वृत्तपत्रांचा पाठिंबा आणि राज्यव्यापी निवडणुका

अमेरिकी वृत्तपत्रांच्या 'एन्डॉर्समेंट'चा, म्हणजे अग्रलेखातून एखाद्या उमेदवाराला जाहीर पाठिंबा देण्याचा, विषय निघाला की चर्चा थेट राष्ट्राध्यक्षपदावर जाते. 2024 च्या ऑक्टोबरात 'वॉशिंग्टन पोस्ट'ने कोणालाच पाठिंबा देणार नसल्याचं जाहीर केलं आणि थोड्याच दिवसांत अडीच लाखांहून अधिक वर्गणीदार गेल्याच्या बातम्या आल्या. 'लॉस एंजेलिस टाइम्स'च्या मालकांनी हॅरिस यांना पाठिंबा देण्याचा बेत थांबवला, तेव्हा संपादकीय पानाच्या प्रमुख मारिएल गार्झा राजीनामा देऊन बाहेर पडल्या. बातमी मोठी होती, मान्य. पण ट्रम्प की हॅरिस हे ठरवण्यासाठी अग्रलेखाची वाट पाहणारे मतदार किती असतील? आज मी बोलणार आहे ते त्याच मतपत्रिकेवर खाली छापलेल्या नावांबद्दल. वृत्तपत्राच्या पाठिंब्याचा खरा उपयोग तिथे असतो.

आपल्याकडे मतदार आमदार निवडतो आणि पुढचं सगळं मुंबईत ठरतं, त्यामुळे राज्यव्यापी पदांची तिथली यादी चटकन डोळ्यांसमोर येत नाही. कॅलिफोर्नियात गव्हर्नर (हा आपला राज्यपाल नव्हे, निवडून आलेला कारभारी), लेफ्टनंट गव्हर्नर, सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्यात हा परराष्ट्रमंत्री नव्हे, निवडणुकांचा कारभार पाहणारा), कंट्रोलर, ट्रेझरर, अ‍ॅटर्नी जनरल, विमा आयुक्त आणि शालेय शिक्षणाचे सुपरिंटेंडंट अशी आठ पदं अख्ख्या राज्याच्या थेट मतदानाने भरतात. शिवाय मतदारांपुढे थेट ठेवलेल्या कायद्याच्या प्रस्तावांवर ('प्रपोझिशन') मतदान असतंच. 2016 च्या नोव्हेंबरात असे 17 प्रस्ताव होते. टेक्सासात 'रेलरोड कमिशन'वर तीन जण सहा-सहा वर्षांसाठी राज्यभरातून निवडले जातात. या कमिशनचा आता रेल्वेशी काडीचाही संबंध उरलेला नाही. ते तेल-वायूच्या विहिरी आणि पाइपलाइनींवर देखरेख करतं, आणि हे ठाऊक नसलेले मतदार टेक्सासातही भरपूर आहेत. तिथे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीशसुद्धा पक्षाच्या नावावर निवडून येतात. पूर्वी एकच खूण करून पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत देता येई. 2020 पासून ती सोय बंद झाली, आता प्रत्येक जागेसाठी वेगळी खूण करावी लागते. अशा वेळी मतदार वर्तमानपत्राने छापलेली यादी हाताशी धरतो.

ही यादी तयार कशी होते? पाठिंबा देतं ते संपादकीय मंडळ. त्यात अग्रलेख लिहिणारे तीन-चार जण, कधी अधिक, आणि बऱ्याच ठिकाणी प्रकाशक असतो. वृत्तविभाग वेगळा. निवडणुकीच्या बातम्या देणारा बातमीदार उमेदवाराच्या मुलाखतीला येऊन बसला, तरी निर्णयात त्याचा आवाज नसतो. मोठ्या वृत्तपत्रांत संपादकीय पानाचा प्रमुख थेट प्रकाशकाच्या हाताखाली काम करतो, वृत्तसंपादकाच्या नव्हे.

वेळापत्रक उलटं मांडावं लागतं. कॅलिफोर्नियात प्रत्येक सक्रिय मतदाराच्या घरी मतपत्रिका मतदानाच्या सुमारे 29 दिवस आधी रवाना होते. टेक्सासात प्रत्यक्ष जाऊन करायचं आगाऊ मतदान 17 दिवस आधी सुरू होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात छापलेला पाठिंबा म्हणजे वरात गेल्यावर वाजलेला बँड. यादी ऑक्टोबरच्या सुरुवातीला तयार हवी, म्हणजे प्रश्नावल्या ऑगस्टमध्ये जायला हव्यात. प्रायमरीसाठी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीसाठी, हेच चक्र पुन्हा एकदा.

प्रश्नावलीत आठ-दहा प्रश्न पुरे, एका पदाच्या सगळ्या उमेदवारांना तेच, आणि उत्तराला शब्दमर्यादा. प्रश्न त्या पदाच्या अधिकारातला हवा. कॅलिफोर्नियाच्या विमा आयुक्ताचं उदाहरण घ्या. 1988 च्या 'प्रपोझिशन 103'ने हे पद निवडणुकीचं केलं आणि दरवाढीला आधी मंजुरी घेण्याचं बंधन कंपन्यांवर घातलं. 2023 मध्ये 'स्टेट फार्म' या विमा कंपनीने तिथे घरांच्या नव्या पॉलिसी देणं थांबवलं. आता या पदाच्या उमेदवाराला 'तुमचं व्हिजन काय' असं विचारून काहीच हाती लागत नाही. दरवाढीचा अर्ज आल्यावर निर्णयाला किती दिवस घ्याल, वणव्याच्या धोक्याचं गणित करताना कंपन्यांना कोणती मॉडेल वापरू द्याल, ग्रामीण भागात पॉलिसी देण्याची अट कशी घालाल, हे विचारलं की उमेदवाराने अभ्यास केलाय की नाही ते पाच मिनिटांत कळतं.

मुलाखतीआधी एक जण कागद तपासतो: निवडणूक निधीची विवरणपत्रं, दिवाणी-फौजदारी दावे, थकीत करांच्या नोंदी, वकील असेल तर वकिलांच्या 'बार'ने केलेली शिस्तभंगाची कारवाई, पदवीचा दावा, आधीच्या पदावर असताना केलेली मतदानं. आपल्याकडे गुन्हे आणि मालमत्ता उमेदवाराच्या एकाच प्रतिज्ञापत्रात सापडतात. तिथे ही माहिती वेगवेगळ्या कचेऱ्यांतून गोळा करावी लागते, आणि मंडळाची नाचक्की बहुतेक वेळा याच टप्प्यावर टाळलेल्या कामामुळे होते. मग 45 मिनिटं ते तासाभराची मुलाखत. प्रतिस्पर्ध्यांना एकत्र बसवलं की एकाच्या थापा दुसरा तिथल्या तिथे पकडतो, पण नवखा उमेदवार बुजतो. कंट्रोलरसारख्या हिशेबाच्या पदासाठी माझं मत वेगवेगळ्या मुलाखतींच्या बाजूने पडतं, कारण तिथे वादपटुत्व तपासायचंच नसतं. मुलाखत ध्वनिमुद्रित हवी, आणि छापता येईल असंच बोला हे आधी सांगायला हवं.

निर्णय कधी हात वर करून, कधी चर्चेतून. गव्हर्नरपदाला सात-आठशे शब्द, खालच्या पदांना दोनशेच्या आसपास. त्या दोनशेत हरलेल्या बाजूचं बलस्थान एका वाक्यात यायला हवं, नाहीतर वाचकाला निवड कशातून केली तेच दिसत नाही.

आता परिणामाकडे येऊ. या विषयावरचा चिआंग आणि नाइट यांचा 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की वाचक भोळा नसतो. वृत्तपत्राचा नेहमीचा कल जिकडे आहे तिकडचाच पाठिंबा त्याच्यावर फारसा चालत नाही. कलाविरुद्ध दिलेला पाठिंबा चालतो. याच तर्काने प्रायमरीत पाठिंब्याला वजन येतं. तिथे सगळे एकाच पक्षाचे, त्यामुळे पक्षाच्या नावावरून निवड करता येत नाही. मेरीलँडमध्ये 2024 च्या सिनेट प्रायमरीत डेव्हिड ट्रोन यांनी स्वतःच्या खिशातले सहा कोटी डॉलरहून अधिक ओतले. 'वॉशिंग्टन पोस्ट'चा पाठिंबा अँजेला ऑल्सोब्रुक्स यांना मिळाला, त्यांच्या मागे राज्यातले बहुतेक डेमोक्रॅटिक नेतेही होते, आणि त्या आरामात जिंकल्या. यात अग्रलेखाचा वाटा किती, हे वेगळं काढता येत नाही. पैसा पुरत नाही एवढं मात्र दिसतं. बेळगाव भागातून गेलेले आपले श्री ठाणेदार 2018 मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी स्वतःचे लक्षावधी डॉलर घालून उतरले होते. डेमोक्रॅटिक प्रायमरीत ते ग्रेचेन व्हिटमर आणि अब्दुल एल-सय्यद यांच्या मागे तिसरे आले.

उलट उदाहरणंही आहेत. न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलपदाच्या 2018 च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत 'न्यूयॉर्क टाइम्स'ने झेफिर टीचआउट यांना पाठिंबा दिला. जिंकल्या लेटिशिया जेम्स. त्याआधी 2014 मध्ये याच वृत्तपत्राने गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत कोणालाच न निवडता लेफ्टनंट गव्हर्नरपदासाठी टिम वू यांना निवडलं. ते कॅथी होकल यांच्याकडून हरले. 'शोभेचं पद' म्हणून मतदारांनी दुर्लक्षिलेली ती लढत होती. 2021 मध्ये गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी राजीनामा दिल्यावर होकल गव्हर्नर झाल्या. दुय्यम पदांकडे बघायला हवं, हे 'टाइम्स'ने तेव्हा ओळखलं होतं. म्हणूनच 2024 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी राज्यातल्या आणि शहरातल्या निवडणुकांमधला पाठिंबा बंद करून फक्त राष्ट्राध्यक्षपदाचा चालू ठेवला, तो निर्णय मला उफराटा वाटतो. मोह तरी कुठे सुटतो? 2025 च्या जूनमध्ये महापौरपदाच्या प्रायमरीवर अग्रलेख आलाच: कोणाला मत द्या हे नाही, पण झोहरान ममदानी मतपत्रिकेवर जागा मिळण्याच्या योग्यतेचे नाहीत, हे स्पष्टपणे. ममदानी जिंकले. 'अल्डन ग्लोबल कॅपिटल' या गुंतवणूक कंपनीच्या मालकीच्या वृत्तपत्रांनी 2022 मध्ये राष्ट्राध्यक्ष, सिनेट आणि गव्हर्नर यांना पाठिंबा देणं थांबवलं आणि स्थानिक निवडणुकांचा तेवढा ठेवला. माणसं कमी केलेल्या कंपनीने घेतलेला हा निर्णय, तरी त्याची दिशा 'टाइम्स'पेक्षा बरी.

सगळ्यात मोठं दुखणं मालकीचं. 'शिकागो सन-टाइम्स'ने 2012 च्या जानेवारीत जाहीर केलं की यापुढे पाठिंबा नाही. 2014 च्या ऑक्टोबरात गव्हर्नरपदासाठी ब्रूस राउनर यांना पाठिंबा छापून आला. राउनर हे वृत्तपत्राच्या मालक कंपनीतले माजी गुंतवणूकदार. त्याच आठवड्यात ज्येष्ठ राजकीय बातमीदार डेव्ह मॅककिनी यांनी राउनर यांच्या प्रचारयंत्रणेच्या दबावाचा मुद्दा मांडत राजीनामा दिला. संपादकांनी दबाव नाकारला. पाठिंबा गुणांवर दिला असेलही, पण धोरण फिरवायला नेमका हाच उमेदवार मिळावा, यावर कोण विश्वास ठेवणार? 2012 मध्ये 'सिॲटल टाइम्स' कंपनीने आणखी पुढची पायरी गाठली. वॉशिंग्टन राज्याच्या गव्हर्नरपदाचे रिपब्लिकन उमेदवार रॉब मॅककेना यांच्या बाजूने स्वतःच्याच पानांवर पूर्ण पानाच्या जाहिराती दिल्या, किंमत अंदाजे 75 ते 80 हजार डॉलर. वृत्तपत्रातली राजकीय जाहिरात चालते, हे दाखवण्याचा हेतू सांगितला गेला. शंभरहून अधिक कर्मचाऱ्यांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या, आणि मॅककेना जे इन्सली यांच्याकडून हरले. 2009 च्या विधानसभा निवडणुकीनंतर आपल्याकडे 'पेड न्यूज'वर रान उठलं आणि 2010 मध्ये प्रेस कौन्सिलचा अहवाल आला, तेव्हा आक्षेप बातमीच्या वेषातल्या जाहिरातीला होता. सिॲटलमध्ये जाहिरात जाहिरातच होती, लपवाछपवी काही नव्हती. तरीही वृत्तविभागाची विश्वासार्हता कंपनीने परस्पर खर्च केली, हे कर्मचाऱ्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

कायदा या सगळ्यात जवळपास हात घालत नाही. पक्षाच्या किंवा उमेदवाराच्या मालकीचं नसेल, तर वृत्तपत्राचा अग्रलेख संघीय कायद्याखाली निवडणूक खर्च धरला जात नाही. मतदानाच्या दिवशी मतं मागणारा अग्रलेख छापला म्हणून अलाबामात एका संपादकावर खटला झाला होता. 1966 मध्ये 'मिल्स विरुद्ध अलाबामा' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. वृत्तपत्राने झोडपलेल्या उमेदवाराला तेवढीच जागा उत्तरासाठी द्या, असं सांगणारा फ्लोरिडाचा कायदाही 1974 मध्ये 'मायामी हेरल्ड विरुद्ध टोर्निलो'मध्ये एकमताने गेला.

एकच ठळक अडसर आहे, तो करसवलतीचा. 1954 च्या 'जॉन्सन अमेंडमेंट'नुसार करमुक्त धर्मादाय संस्थेला कोणत्याही उमेदवाराची बाजू घेता येत नाही. 'सॉल्ट लेक ट्रिब्यून' 2019 मध्ये ना-नफा झाला, 'सन-टाइम्स' 2022 मध्ये शिकागोच्या ना-नफा सार्वजनिक रेडिओच्या छत्राखाली गेला, आणि दोघांचा पाठिंबा संपला. 'फिलाडेल्फिया इन्क्वायरर' आणि 'टॅम्पा बे टाइम्स' यांच्या मालक संस्था ना-नफा असल्या तरी वृत्तपत्र चालवणाऱ्या कंपन्या करमुक्त नाहीत, म्हणून त्यांना मोकळीक आहे. ना-नफा वृत्तपत्रांकडे उरतो तो मतदार मार्गदर्शकाचा पर्याय. पदाच्या सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, तीच शब्दमर्यादा, उत्तरं जशीच्या तशी, क्रम आडनावाने किंवा चिठ्ठ्या टाकून, गुण किंवा शेरे नाहीत. प्रश्नांची निवड पक्षपाती असेल, तर तेवढ्यानेही करखात्याची नोटीस येऊ शकते, म्हणून प्रश्न पदाच्या सगळ्या कामांवर पसरलेले हवेत. ज्याने उत्तर दिलं नाही त्याचं नाव वगळायचं नाही. त्याचा रकाना रिकामा छापायचा आणि खाली, प्रश्नावली कोणत्या तारखांना पाठवली, ते द्यायचं.