शब्द पाळणारा प्रदेश

(महानगर प्रदेशात परकीय गुंतवणूक कशी येते आणि कशी टिकते, या विषयावरील व्याख्यानाचे संपादित रूप)

सोमवारची सकाळ होती. कारखान्यासाठी जागा बघायला आलेल्या चौघांच्या पथकाबरोबर मी एका महानगर प्रदेशात होते. आदल्या संध्याकाळी त्यांच्यासमोर मोठं सादरीकरण झालं होतं. पडद्यावर विमानतळ, उड्डाणपूल, हसऱ्या चेहऱ्यांचे तरुण अभियंते. सकाळी पथकातल्या सर्वांत अनुभवी बाईंनी एकच गोष्ट मागितली : सबस्टेशनची नोंदवही. वर्षभरात वीज किती वेळा गेली एवढंच त्यांना बघायचं नव्हतं. विजेचा दाब क्षणभरासाठी किती वेळा खाली आला, तेही हवं होतं. तासभर वीज गेली तर जनरेटर असतो. पण अर्ध्या सेकंदाच्या झटक्याने त्यांची अख्खी यंत्रांची रांग थांबणार होती आणि रांगेतला सगळा माल भंगारात जाणार होता.

नोंदवही मिळेपर्यंत दुपार झाली. तोवर पाण्याचा विषय निघाला. भूखंड एका नगरपालिकेच्या हद्दीत, जलवाहिनी शेजारच्या महापालिकेची आणि पाण्याचं आरक्षण तिसऱ्याच खात्याकडे. तिघांनी तीन आकडे सांगितले. तिघंही प्रामाणिक होते, आपापल्या फायलीतला आकडा सांगत होते. बाईंनी तिन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले, थोडा वेळ त्याकडे बघत राहिल्या आणि वही मिटली. तो कारखाना तिथे आला नाही.

ती मिटलेली वही मी अजून विसरलेले नाही. विमानतळ तिथे होता, अभियंते होते, जमीनही होती. पण दिलेला शब्द कोणाचा मानायचा, हे त्या बाईंना कळलं नाही. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

कंपनी जागा कशी निवडते, हे आधी नीट समजून घेऊया. आपल्याला वाटतं, निवड म्हणजे कोणीतरी येतं, पाहणी करतं, आवडलं तर सही करतं. प्रत्यक्षात निवड कमी आणि वगळणं जास्त असतं. सुरुवातीला यादीत अनेक शहरं असतात. त्यातली बहुतेक कोणालाही फोन न करता, टेबलावरच गळतात. आपण यादीत होतो आणि बाद झालो, हे त्या शहरांना कधी कळतही नाही. म्हणून विजेचे, पाण्याचे, पगाराचे, परवानगीला लागणाऱ्या दिवसांचे आकडे उघड आणि ताजे ठेवणं हे या कामातलं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत मोलाचं काम आहे. ज्याचा आकडा मिळत नाही त्याचं नाव आधी कापलं जातं.

आता यादीत टिकलेल्यांकडे वळूया. १९८९ साली संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेल या अमेरिकी कंपनीने युरोपातल्या कारखान्यासाठी आयर्लंडची निवड केली. डब्लिनजवळचं लेक्सलिप. त्याआधी कंपनीला एक शंका होती आणि ती रास्त होती : चिपच्या कारखान्यात काम केलेले अनुभवी अभियंते या छोट्या देशात आहेत कुठे? आयर्लंडच्या गुंतवणूक संस्थेने, आयडीएने, ‘आमच्याकडे भरपूर गुणवत्ता आहे’ असं पत्र पाठवलं नाही. परदेशात याच क्षेत्रात नोकरी करणारे आयरिश अभियंते शोधून काढले, त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि विचारलं : मायदेशी असं काम मिळालं तर परत याल का? बहुतेकांनी हो म्हटलं. ती उत्तरं कंपनीसमोर ठेवली गेली. शंका हवेतली नव्हती, म्हणून उत्तरही हवेतलं चाललं नसतं.

सिंगापूरचीही एक गोष्ट सांगते. तिथलं आर्थिक विकास मंडळ १९६१ मध्ये स्थापन झालं. १९७० च्या सुमारास ह्युलेट-पॅकार्ड या अमेरिकी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीला एका इमारतीतले वरचे दोन मजले भाड्याने हवे होते. कंपनीचे एक संस्थापक, स्वतः ह्युलेट, पाहणीला येणार होते आणि लिफ्टला लागणारा ट्रान्सफॉर्मर वेळेत तयार झाला नाही. त्यांना सहा मजले चढायला लावण्याऐवजी मंडळाच्या लोकांनी शेजारच्या इमारतीतून जाडजूड केबल ओढून आणली आणि त्या दिवशी लिफ्ट चालली. कंपनी आली. सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांनी ही आठवण नोंदवून ठेवली आहे. अनेकजण ती पाहुणचाराची गोष्ट म्हणून सांगतात. मला तिच्यात दुसरंच काही दिसतं. अडचण विजेची, इमारत कोणाची, केबल दुसऱ्याच्या आवारातून, तरी ‘हे आमच्याकडे येत नाही’ असं कोणी म्हटलं नाही. एका माणसाला ती अडचण आपली वाटली आणि ती सोडवण्याचा अधिकारही त्याच्याकडे होता. ‘एक खिडकी’ हा शब्द आता जगभर चालतो, पण खिडकीमागे बसलेल्याकडे निर्णयाचा अधिकार नसेल, तर अर्जदाराला फिरायला आणखी एक खिडकी वाढते, एवढंच.

महानगर प्रदेशात हा प्रश्न जास्त अवघड होतो, कारण महानगर नकाशावर एक दिसत असलं तरी कारभार पन्नास ठिकाणी वाटलेला असतो. कामगार एका नगरपालिकेत राहतो, दुसरीतून प्रवास करतो, तिसरीत काम करतो आणि मालमत्ता कर मात्र कारखाना ज्या हद्दीत आहे तिलाच मिळतो. मग शेजारी एकमेकांचे स्पर्धक होतात. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचं उदाहरण या विषयात सगळ्यांना पाठ आहे. हे महानगर कॅन्सस आणि मिसूरी या दोन राज्यांत पसरलेलं आहे आणि मधून सरहद्दीचा रस्ता जातो. दोन्ही राज्यांनी वर्षानुवर्षं करसवलती देऊन एकमेकांच्या कंपन्या रस्त्यापलीकडे ओढल्या. कंपनी काही किलोमीटर सरकायची, कर्मचारी तेच, ग्राहक तेच, प्रदेशात नवं काहीच नाही. खर्च झालेला पैसा मात्र शाळा आणि रस्त्यांचा होता. शेवटी २०१९ मध्ये दोन्ही राज्यांनी ही चढाओढ थांबवण्याचा समझोता केला.

याच्या उलट नेदरलँड्समधलं आइंडहोवन. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला फिलिप्सने तिथे मोठी नोकरकपात केली आणि १९९३ मध्ये ट्रक बनवणाऱ्या डाफचं दिवाळं निघालं. महापौर, विद्यापीठ आणि उद्योगांचे प्रतिनिधी एका टेबलाशी बसले आणि ती बैठक पुढे थांबली नाही. आज ‘ब्रेनपोर्ट’ या नावाखाली तिथल्या २१ नगरपालिका एकत्र काम करतात. याच प्रदेशात १९८४ मध्ये सुरू झालेल्या, चिप बनवण्याची यंत्रं तयार करणाऱ्या एएसएमएल या कंपनीने पुढची वाढ बाहेर करण्याचे संकेत दिले, तेव्हा २०२४ मध्ये डच सरकारने अडीच अब्ज युरोंची योजना जाहीर केली. तो पैसा घरं, वाहतूक, तंत्रशिक्षण आणि वीजजाळं यांसाठी होता. कंपनी सोडून गेली असती तरी ती घरं आणि त्या शिक्षणसंस्था तिथेच राहिल्या असत्या.

सवलतींबद्दल मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त पश्चात्ताप इथेच असतो. अर्थतज्ज्ञ टिमोथी बार्टिक यांनी या विषयावरचे अनेक अभ्यास तपासून असा निष्कर्ष काढला, की ज्या कंपन्यांना सवलत मिळाली त्यांपैकी फार तर २ ते २५ टक्क्यांचा निर्णय सवलतीमुळे बदलला. म्हणजे उरलेल्या कंपन्या तशाही आल्याच असत्या. सवलत हा शेवटच्या दोन-तीन जागांमधला तराजू झुकवणारा वजनाचा तुकडा आहे. तो वापरू नये असं मी म्हणत नाही. पण ज्या प्रदेशात पाण्याचे तीन आकडे आहेत तिथे सवलत म्हणजे तडा गेलेल्या भिंतीवर रंग. शिवाय आता मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी १५ टक्क्यांच्या किमान कराची जागतिक व्यवस्था लागू होऊ लागली आहे. आयर्लंडनेही अशा कंपन्यांसाठी आपला प्रसिद्ध साडेबारा टक्क्यांचा दर २०२४ पासून प्रत्यक्षात १५ वर नेला. कर कमी, एवढ्या एकाच गोष्टीवर उभा राहिलेला प्रदेश आता आणखी उघडा पडणार.

आणि सवलत द्यायचीच तर कशी द्यायची? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात २०१७ साली फॉक्सकॉन या तैवानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने १० अब्ज डॉलर आणि १३,००० नोकऱ्यांची घोषणा केली. राज्याने जवळपास ३ अब्ज डॉलरच्या सवलती कबूल केल्या. माउंट प्लेझंट या गावात शेतजमिनी आणि राहती घरं घेतली गेली, रस्ते आणि जलवाहिन्यांसाठी स्थानिक संस्थेने कर्ज काढलं. २०२१ मध्ये करार बदलला : गुंतवणूक ६७ कोटी २० लाख डॉलर, नोकऱ्या १,४५४. राज्याच्या करसवलती नोकऱ्यांशी बांधलेल्या होत्या, म्हणून त्यातला बराच पैसा वाचला. पण घर सोडून गेलेल्या कुटुंबाला ‘करार बदलला’ या शब्दांनी काय मिळतं? माझ्या मते जमीन घेण्याआधी एकच प्रश्न विचारायला हवा : कंपनी आलीच नाही, तर या जागेचं आणि या माणसांचं काय?

त्याच सुमारास ॲमेझॉनने दुसऱ्या मुख्यालयासाठी खुली स्पर्धा लावली. २३८ प्रस्ताव गेले. २०१८ च्या अखेरीस न्यूयॉर्क आणि व्हर्जिनियातलं आर्लिंग्टन निवडलं गेलं. न्यूयॉर्कमध्ये विरोध झाला आणि तीन महिन्यांतच कंपनीने तिथून माघार घेतली. व्हर्जिनियाच्या प्रस्तावात मला आवडलेली गोष्ट अशी, की त्याचा मोठा भाग संगणकशास्त्राच्या शिक्षणाचा होता, त्यात विद्यापीठाचं नवं संकुलही होतं, आणि कंपनीला द्यायचा पैसा नोकऱ्या निर्माण झाल्यानंतर द्यायचा होता. २०२३ मध्ये कंपनीने बांधकामाचा पुढचा टप्पा थांबवला, तरी शिकलेली मुलं कोणी परत नेऊ शकत नाही.

कंपन्या जातातही, हे बोलायला कोणाला आवडत नाही. इंग्लंडच्या ईशान्येला नॉर्थ टाइनसाइडमध्ये सीमेन्सचा चिप कारखाना १९९७ मध्ये खुद्द राणीच्या हस्ते सुरू झाला आणि १९९८ मध्ये बंद करण्याची घोषणा झाली. मेमरी चिपचे भाव जगभर कोसळले होते. सुमारे ११०० माणसांचं काम गेलं. त्यांच्या कामात खोट नव्हती. आयर्लंडमधल्या लिमरिकला २००९ मध्ये संगणक बनवणाऱ्या डेलने उत्पादन पोलंडला हलवलं तेव्हा १९०० नोकऱ्या गेल्या. ज्या घरातला पगार असा एका घोषणेत थांबतो, त्या घराला ‘जागतिक बाजारपेठ’ समजावून सांगणं फार कठीण असतं. म्हणून एखादी कंपनी येते तेव्हाच विचारायला हवं की ती गेली तर मागे काय उरेल.

कोस्टा रिकाने या प्रश्नाचं उत्तर बरंच आधीपासून तयार ठेवलं होतं. १९९६ मध्ये इंटेलने तिथे कारखाना काढायचं जाहीर केलं, राजधानी सान होसेच्या महानगर भागात. मोठमोठे देश स्पर्धेत होते. अध्यक्ष फिगेरेस यांनी त्यात स्वतः लक्ष घातलं होतं. पण निर्णायक ठरलं ते तंत्रशिक्षण : कंपनीला कोणती कौशल्यं कमी पडतील हे विचारून तिथल्या तंत्रविद्यापीठाने अभ्यासक्रम बदलले. २०१४ मध्ये इंटेलने चिपच्या जुळणीचं आणि चाचणीचं काम दुसरीकडे हलवलं, सुमारे १५०० नोकऱ्या गेल्या. तो मोठा धक्का होता. तरी कंपनीचा अभियांत्रिकी विभाग तिथे राहिला, आणि तोवर वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपन्या स्थिरावल्या होत्या. धुळीचा कणही चालत नाही अशा स्वच्छ खोलीत, चुकीला जागा न ठेवता काम करण्याची सवय त्यांनाही हवीच होती. आज वैद्यकीय उपकरणं ही त्या देशाची सर्वांत मोठी निर्यात आहे.

मलेशियातल्या पेनांगने हे आणखी पद्धतशीर केलं. १९७२ मध्ये बायन लेपासला मुक्त व्यापार क्षेत्र उभं राहिलं, इंटेल त्याच वर्षी आली. १९८९ मध्ये सरकार, शिक्षणक्षेत्र आणि तिथल्या कंपन्यांनी मिळून कौशल्य विकास केंद्र काढलं. एकमेकींच्या स्पर्धक असलेल्या कंपन्या एकाच केंद्रात कामगार शिकवायला तयार झाल्या. स्थानिक पुरवठादार वाढले, त्यांतले काही स्वतः निर्यातदार झाले. पन्नास वर्षांनंतरही पेनांगमध्ये चिपचं काम चालू आहे.

शेवटची एक गोष्ट, आणि ती करायला सगळ्यात कमी पैसा लागतो. नव्या कंपनीसाठी परदेशात शिष्टमंडळं जातात. पण दहा वर्षांपूर्वी आलेल्या कंपनीच्या दारात शेवटचं कोण गेलं होतं? परकीय गुंतवणुकीचा मोठा हिस्सा हा आधीच आलेल्या कंपन्यांनी नफ्यातून पुन्हा घातलेला पैसा असतो. आणि हा पैसा आपोआप येत नाही. तुमच्या प्रदेशातला कारखाना-व्यवस्थापक दरवर्षी मुख्यालयात जातो आणि त्याच कंपनीच्या इतर देशांतल्या व्यवस्थापकांसमोर बसून म्हणतो, की नवी यंत्ररांग माझ्याकडे द्या. त्या खोलीत तुमचा मंत्री नसतो, महापौर नसतो, फक्त तो असतो. त्याला विचारतात, सांडपाण्याच्या परवानगीला किती दिवस लागले? सांगितलेला रस्ता झाला का? गेल्या वर्षी वीज किती वेळा गेली?

त्याची ती बैठक कोणत्या महिन्यात असते, हे तुमच्या महानगर प्रदेशात कोणाला ठाऊक आहे का? नसेल, तर उद्या त्याला फोन करा. आणि फोनवर काही देऊ करू नका. आधी विचारा, गेल्या वेळी कोणत्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.