भांडणं वजा करून भात

श्रोतेहो, नमस्कार.

माझी आजी गेली तेव्हा ९१ वर्षांची होती. चर्चच्या वह्यांत तिच्या नावाच्या तीनच नोंदी आहेत: बाप्तिस्मा, लग्न आणि मयत. त्या तीन ओळींच्या मध्ये तिने किती हजार माणसांना जेवू घातलं, ते कुठेही लिहिलेलं नाही. ती काही कुठल्या हॉटेलात नव्हती, नोकरीतही नव्हती. घर, गोठा, वाडी सांभाळायची, आणि गावात लग्न, सण किंवा मयत असलं की लाल लुगड्याचा काचा खोचून चुलवणापाशी उभी राहायची.

आमचं गाव वसईच्या उत्तर पट्ट्यातलं. नंदाखाल, निर्मळ, आगाशी हा सगळा टापू केळीचा, पानवेलींचा, फुलांचा. आम्ही कुपारी, म्हणजे सामवेदी ख्रिस्ती. पोर्तुगीज वसईत आले १५३४ मध्ये, चिमाजी अप्पांनी त्यांना घालवलं १७३९ मध्ये. धर्म मात्र राहिला आणि बोलीही राहिली. घरात आम्ही कादोडी बोलतो. आजीची वाक्यं मी आज तुम्हाला मराठीत सांगतोय, पण कादोडीतला तिचा ठसका यात नाही, हे आधीच कबूल करतो.

लग्नाच्या आठवडाभर आधी लग्नघरचा माणूस आमच्या ओटीवर यायचा. ‘बाय, चारशे पानं होतील.’ आजी त्या आकड्याकडे लक्षच द्यायची नाही. ती विचारायची, ‘बांधावरून कोर्टात गेलेले ते दोघे भाऊ बोलतात का आता?’ समोरचा गप्प. ‘आणि वरच्या आळीशी विहिरीचं मिटलं?’ तो आणखी गप्प. मग आजी बोटांच्या पेरांवर एकेक घर वजा करायची आणि सांगायची, ‘तीनशे साठ.’ तेवढेच निघायचे! गावातली भांडणं तिला पाठ होती. ती त्यांत कधी पडली नाही, सोडवायलाही गेली नाही. तिला फक्त तांदूळ मोजायचे होते.

तेही पायलीने, म्हणजे धान्य मोजायच्या जुन्या मापाने. १९५८ पासून किलो आले, काही वर्षांत दुकानदारांना ते सक्तीचे झाले, पण आजीची लाकडी पायली शेवटपर्यंत कोनाड्यात होती. किलोने आणलेले तांदूळ घरी आले की ती ते पायलीने पुन्हा मोजून घ्यायची. दुकानदारावर अविश्वास म्हणून नाही. किलोत किती माणसं जेवतात हे तिच्या हाताला कळत नसे, एवढंच.

भात वेळताना तिला पाहायला हवं होतं. चर खणून त्यावर मोठे टोप ओळीने ठेवलेले, खाली चिंचेची लाकडं. ती शीत चिमटीत दाबून बघायची. मध्ये बारीक कणी लागली की हात वर करायची. मग टोपाच्या तोंडाला फडकं बांधून दोन गडी टोप कलंडवायचे आणि पांढरी पेज धो-धो वाहायची. आजी डोळे मिटून त्या पेजेचा आवाज ऐकायची. आवाज पातळ झाला की ‘बस’ म्हणायची. तिच्या मते भात डोळ्यांनी कळत नाही, कारण चुलवणापाशी धुरात डोळे काही कामाचे नसतात.

आता एक गंमत सांगतो, जी आजच्या तरुण कॅथलिकांनाही ठाऊक नसेल. पूर्वी कम्युनियन, म्हणजे चर्चमधल्या मिस्सा या उपासनेत मिळणारी पवित्र भाकर, घ्यायचं तर मध्यरात्रीपासून तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. १९५३ साली पाण्याची सूट मिळाली, १९५७ साली तो उपास तीन तासांवर आला आणि १९६४ पासून एका तासावर. म्हणजे आजीच्या उमेदीच्या काळात रात्रभर रांधायचं, पहाटे मिस्साला जायचं, आणि रस्सा चाखायचा मात्र नाही. मग मीठ कसं बघायचं? पहिलं कम्युनियन न झालेलं पोर शोधायचं! माझे थोरले काका पाच-सहा वर्षांचे असताना याच नोकरीवर होते. त्यांना झोपेतून उठवून डावातला रस्सा चाटायला द्यायचे. काका म्हणतात, ‘मी तोंड वाकडं केलं की मीठ जास्त, पुन्हा मागितलं की बरोबर.’ उपास तीन तासांवर आला, माणसं पूर्वीसारखी रात्रभरची उपाशी राहिली नाहीत, तेव्हा आजीने सगळ्यात आधी पहिल्या पंगतीचा तांदूळ अर्धी पायली कमी केला. रोममधल्या निर्णयाचा आमच्या गावावर झालेला हा पहिला परिणाम.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, म्हणजे आमच्या उपवासकाळात, लग्नं नसत, चुलवण थंड. त्या उन्हात मसाला व्हायचा. मुंबईकडच्या ईस्ट इंडियन, म्हणजे तिथल्या मूळच्या मराठी ख्रिस्ती, घरांत त्याला बाटली मसाला म्हणतात, कारण तो बियरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरतात. उजेड लागला की त्याचा रंग उडतो. मिरच्या, धणे, तीळ, खसखस, दगडफूल, नागकेशर आणि पुढची लांबलचक यादी. ती यादी मी लिहून घेतली होती. वही उंदरांनी खाल्ली.

तिला यासाठी पैसे मिळत नसत. नारळ, कधी लुगडं, आणि घरी न्यायला झाकलेलं पातेलं. प्रवचनात याला सेवा म्हणायचे. शब्द चांगला आहे, पण मला तो जरा सोयीचा वाटतो. आज केटरर पानामागे दर लावतो, वर आगाऊ रक्कम घेतो, आणि त्याला कोणी सेवा म्हणत नाही. आजीला कधी हे बोलून दाखवलं तर ती म्हणायची, ‘पैसे घेतले असते तर मीठ कमी पडल्यावर बोलून घ्यावं लागलं असतं.’

तिचा राग एकाच गोष्टीवर होता, पाण्यावर. नव्या इमारतींसाठी आमच्या विहिरींचं पाणी टँकरने जाऊ लागलं आणि काही विहिरी मचूळ झाल्या. भाताला चव राहिना. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने वसईची हिरवाई आणि पाणी वाचवायला हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा आळीतल्या बायांबरोबर आजीही मोर्चाला गेली. घोषणा तिला पाठ नव्हत्या. ती नुसती चालली आणि घरी येऊन म्हणाली, ‘माणसं सातशेच्या खाली नव्हती.’

तिच्या मयताला दुपारचं जेवण तिनेच शिकवलेल्या चार बायांनी रांधलं. पायली तीच. हिशोबही तिचाच: गावाची घरं धरली, आणि आपापसात न बोलणारी, एकमेकांच्या पंगतीला न बसणारी घरं वजा केली. पण त्या दिवशी सगळीच घरं आली. बांधावरून कोर्टात गेलेले दोघे भाऊसुद्धा आले, वेगवेगळ्या बाकांवर बसले, पण आले. तिसऱ्या पंगतीला भात संपला. दुपारी दोन वाजता पुन्हा चर पेटवला, आणि माणसं दफनभूमीच्या भिंतीलगत सावलीत, भात शिजेपर्यंत बसून राहिली.