अभंगावर डिस्टॉर्शन

माईक जरा लांबच धरतो हां, आम्हाला जोरात बोलायची सवय लागलीय, गॅरेजमध्ये ड्रमशेजारी उभं राहून.

आम्ही चौघं, ख्रिस्ती गाणी वाजवणारा रॉक बँड. ड्रम, बास, दोन गिटार, त्यातली एक माझी आणि गायचं पण मीच. बेळगावच्या कॅम्पातलं गॅरेज, भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवलेत, आवाज बाहेर जातोच पण शेजाऱ्यांना आपण काहीतरी केलं असं दाखवता येतं. सुरुवातीला काय केलं, तर इंग्लिश वर्शिप गाणी, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं, घेतली आणि मराठी शब्द बसवले. बसवले म्हणजे कोंबले. इंग्लिश चालीत जोर भलत्याच जागी पडतोय, मग 'प्रभू'चं 'प्रऽऽऽभू' व्हायचं आणि 'क्षमा' म्हणजे क्ष आणि मा अशी दोन माणसं वाटायची. नाताळच्या कार्यक्रमात वाजवलं, खाली उतरलो तर आमच्या बासवाल्याची आजी म्हणाली, "बरं वाजवलासा रे बा, पण येशूचं गाणं होतं ते मला मागचा बोर्ड वाचून कळलं की."

लई लागलं ते. पण खरं होतं. अर्धी चूक शब्दांची, अर्धी साउंडची. साउंडचं सोपं आहे, व्यंजनं नीट ऐकू येतात ती साधारण १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात आणि डिस्टॉर्शनची, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजाची, गिटार पण तिथंच ठाण मांडून बसते. गिटारचे मिड, म्हणजे मधल्या पट्टीचे सूर, खाली घेतले, झालं.

शब्दांसाठी मात्र मागं जावं लागलं. इथनं चोर्ला घाट उतरला की गोवा, तिथं १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्रीचं ख्रिस्तपुराण छापलं, सगळं मराठी ओवीत, लिपी तेवढी रोमन. मग रेव्हरंड ना. वा. टिळक, १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताबद्दल लिहिलं ते अभंगात. म्हणजे इंग्रज माणूस ओवी लिहितोय आणि आम्ही बेळगावात बसून इंग्लिश चाली ओढतोय!

अभंगाची अक्षरं मोजा, सहा, सहा, सहा, चार. आता रॉकच्या चार बीटच्या बारमध्ये, म्हणजे तालाच्या एका आवर्तनात, आठ अर्धे ठोके. सहा अक्षरं गायली की दोन ठोके श्वासाला आणि शेवटच्या चारनंतर अर्धा बार मोकळा, तिथं गिटारचा छोटा तुकडा, म्हणजे रिफ, टाका नाहीतर ड्रमचा. आमचा ड्रमर घरात कन्नड बोलतो, त्याला अभंग म्हणजे काय ते माहीत नव्हतं पण बोटं मोजून सगळ्यात आधी त्यालाच जमलं.

पहिलं गाणं माझ्या वडिलांवर झालं. ते उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात, फौंड्रीत होते, धातू ओतायच्या कारखान्यात, रात्रपाळी. बायबलातल्या स्तोत्र १३० मध्ये पहारेकरी पहाटेची वाट बघतात, त्याहून जास्त माझा जीव प्रभूची वाट बघतो असं आहे, ते मी लहानपणापासून पाठ म्हणत आलो पण पहाटेची वाट बघणं म्हणजे काय ते आई दारात उभी असायची त्यावरनं माहीत. प्रचार करायचा असं काही ठरवलं नव्हतं, जे घरात होतं तेच लिहिलं:

रातपाळीवर, जागा माझा बाप,
भट्टीचा तो ताप, अंगावरी.

परवा आजी प्रॅक्टिसला आली, कानात कापूस घालून. शब्द सगळे कळले म्हणाली. मग म्हणते, "भट्टीचा ताप कोण म्हणतंय रे, झळ म्हण की." बरोबर आहे तिचं. पण झळ लिहिली तर बापाचं यमक जातंय, त्यामुळं भांडण अजून चालू आहे.