घरच्या ग्लासाचं माप

(दृश्य: गोव्यातल्या एका आरोग्य केंद्राची छोटी खोली. टेबलावर स्टीलचा ग्लास, पाण्याची बाटली आणि मापाचा कप.)

हा ग्लास काकांनी घरून आणलाय. समुपदेशक ताईंनीच तो आणायला सांगितला होता. "काका, घरी ओतता तसंच पाणी ओता," एवढंच त्या म्हणतात. काका ओतू लागतात. हात सवयीचा आहे. तळापासून दोन बोटं पाणी चढलं की आपोआप थांबतो.

ताई तेच पाणी मापाच्या कपात ओततात. नव्वद मिली.

"रोज एकच ग्लास घेतो," असं काका आत येतानाच म्हणाले होते. ते खोटं नव्हतं. ग्लास एकच होता.

दारूवरच्या संशोधनाची खरी सुरुवात इथून होते, असं आम्हाला हे चित्रीकरण करताना वाटत राहिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक माप धरतात. व्हिस्की, रम, फेणी यांच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के असं लिहिलेलं असतं. त्या हिशेबाने साठ मिलीच्या पेगमध्ये सुमारे वीस ग्रॅम, म्हणजे दोन मापं. काकांचा ग्लास तीन मापांचा. अख्खी क्वार्टर, म्हणजे १८० मिली, संपली तर सहा.

(दृश्य: कागद, पेन, ताईंचा हात.)

ही ती प्रश्नावली. नाव 'ऑडिट'. नॉर्वे, ऑस्ट्रेलिया, केनिया, बल्गेरिया, मेक्सिको आणि अमेरिका अशा सहा देशांतल्या अभ्यासावरून ती तयार झाली आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रश्न फक्त दहा. किती वेळा घेता, एका बैठकीत किती, सुरू केल्यावर थांबता येत नाही असं होतं का, सकाळी उठल्याउठल्या लागते का, रात्रीचं काही आठवत नाही असं झालंय का. गुण शून्य ते चाळीस. आठ किंवा त्याहून जास्त आले की काळजी सुरू. ताई प्रश्न विचारतात तेव्हा त्यांचा आवाज ऐका. शुगर किती आहे हे विचारावं, तसाच. त्यात ना दटावणी, ना कीव.

(दृश्य: भिंतीवरचं कालनिर्णय. काकांचं बोट मागच्या तारखांवरून फिरतंय.)

आता मागचे चौदा दिवस. एकेक चौकोन. "काल?" एक ग्लास. "परवा?" तोच. "सोमवार?" सोमवार शंकराचा, त्या दिवशी नाही. "शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेला होता, तेव्हा?" काका बराच वेळ गप्प राहतात. मग तीन बोटं वर करतात. संकष्टी, जत्रा, मेव्हण्याकडचं बारसं, पगाराचा दिवस. आठवण तारखेला चिकटलेली नसते, ती अशा दिवसांना चिकटलेली असते. "महिन्याला सरासरी किती घेता?" असं विचारलं असतं, तर यातलं काहीच वर आलं नसतं.

सरासरीचं तसं फार ऐकू नये. एक जण रोज एक माप घेतो, दुसरा रविवारी एका बैठकीत सात. आठवड्याचा आकडा दोघांचा सारखाच. पण रात्री दुचाकीवरून घरी येताना अपघात कोणाचा होईल, हे सांगायला आकडा लागत नाही. गोव्यात तर मोसमाचाही फरक पडतो. काजूच्या दिवसांत हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची हलकी दारू, निघतो, आणि एप्रिलमधलं पिणं पावसाळ्यात तसंच राहत नाही.

देशपातळीवर हेच काम दिल्लीच्या एम्सने केलं. अहवाल २०१९ मध्ये आला. दोन लाखांवर घरं, १८६ जिल्हे, पावणेपाच लाखांच्या आसपास माणसं. दारू घेणारे सुमारे सोळा कोटी निघाले आणि व्यसन जडलेल्या अडतीस जणांपैकी जेमतेम एकाला कसलेतरी उपचार मिळालेले. अमली पदार्थांबद्दल दार ठोठावून विचारलं तर कोणी उत्तर देत नाही, म्हणून तिथे साखळी लावली. एकाने आपल्या ओळखीच्याला आणायचं, त्याने पुढच्याला. अशी सत्तर हजारांवर माणसं बोलती केली.

(दृश्य: चार-पाच समुपदेशक गोल बसलेत. मध्ये रेकॉर्डर.)

गोव्यात 'संगथ' या संस्थेने पुढचा प्रश्न हातात घेतला. मोजलं, पण मग काय? मानसोपचारतज्ज्ञ प्रत्येक केंद्रात येणार कुठून? त्यांनी मानसोपचाराची पदवी नसलेल्या, इथल्याच माणसांना समुपदेशन शिकवलं. २०१३ ते २०१५ या काळात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ऑडिटवर बारा ते एकोणीस गुण आलेले ३७७ पुरुष या अभ्यासात आले. निम्म्यांना नेहमीची काळजी, निम्म्यांना त्यासोबत चार भेटींपर्यंत समुपदेशन.

आणि हे बघा, ही गोल बैठक. रुग्णाशी झालेल्या आपल्या बोलण्याची टेप हे समुपदेशक एकमेकांना ऐकवतात, रुग्णाची परवानगी घेऊन. मग एकमेकांना गुण देतात. "इथे तू त्यांना बोलू दिलं नाहीस." "इथे सल्ला घाईने दिलास, ते अजून बायकोबद्दलच सांगत होते." टेप मागे जाते, पुन्हा लागते. ज्याची टेप आहे तो मान खाली घालून वहीत लिहितो. गुण देण्यासाठी ठरलेली पट्टी आहे, आणि ती सगळ्यांना सारखीच लागते. दारू सोडवणाऱ्याचं बोलणंही असं मोजून सुधारता येतं, हे आम्ही इथेच पहिल्यांदा पाहिलं. प्रत्येक आरोग्य केंद्रात असं एक माणूस असायलाच हवं.

निकाल २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. तीन महिन्यांनी, आधीच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले समुपदेशनाच्या गटात ४२ टक्के, दुसऱ्या गटात १८. वर्षानंतरही फरक टिकला. घरातल्या मारहाणीत मात्र फरक दिसला नाही. अभ्यासात बायका नव्हत्या.

(दृश्य: पुन्हा तीच खोली. काका उठतात.)

"ग्लास इथेच ठेवून जाऊ काय?" काका विचारतात.

ताई तो पुसतात आणि त्यांच्या पिशवीत घालतात. "नको काका, घरी न्या. पुढच्या मंगळवारी परत आणा."