हिशेब बाहेर गेला, वही कुणाकडे राहिली?

(दृश्य: भोसरी एमआयडीसी, संध्याकाळ. शटर अर्धं उघडं, आत मशीनचा आवाज.)

महिन्याची दहा तारीख. जॉबवर्कच्या या शॉपमधून पार्टटाइम अकाउंटंट मॅडमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विक्रीच्या बिलांचे फोटो येऊ लागलेत. एक तिरका, एकावर चहाचा डाग, एकात गिऱ्हाइकाच्या जीएसटी नंबरचे शेवटचे दोन आकडे कापलेले. खाली मेसेज: "मॅडम, एवढी चार राहिली होती, घेऊन टाका ना."

उद्या अकरा. मासिक जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या बिलांच्या विवरणपत्राची, शेवटची तारीख. मॅडमकडे अशा डझनभर पार्ट्या, आणि बहुतेकांशी व्यवहार तोंडी. "महिन्याला एवढे देतो, सगळं बघा." या 'सगळं'मध्ये काय येतं, हे दोघांनीही कधी विचारलेलं नाही.

पूर्वी आडतीवर दिवाणजी असायचा. रोजकीर्द, खतावणी, सगळं पेढीवरच. तो काम सोडून गेला तरी वह्या कपाटात राहायच्या. आता टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा मॅडमच्या लॅपटॉपवर, त्यावर पासवर्ड त्यांनी घातलेला; टॅलीव्हॉल्टचा, म्हणजे डेटाच कुलूपबंद करणारा असेल आणि विसरला, तर तो परत मिळत नाही. जीएसटी पोर्टलवर मोबाइल नंबरही बऱ्याचदा अकाउंटंटचाच, कारण नोंदणीच्या दिवशी शेठ साइटवर होते. पुढे दोघांचं बिनसलं की ओटीपी त्याच नंबरवर जाणार, आणि शेठना नंबर बदलून घ्यायला कागदपत्रं घेऊन जीएसटी अधिकाऱ्याकडे खेटे घालावे लागणार.

(दृश्य: मॅडम आणि शेठ यांच्यातला दोन पानांचा करार, त्यावर पेनाने केलेल्या दुरुस्त्या.)

म्हणून या दोन पानांत फीच्या आकड्याआधी हे हवं: पोर्टलवर नंबर आणि ईमेल मालकाचा, आणि टॅलीचा बॅकअप दर महिन्याला मालकाकडे. नोंदी जपण्याची जबाबदारी कायद्याने मालकाचीच, वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने.

मग तारखा. बिलं पाच तारखेपर्यंत पोचली पाहिजेत. त्यानंतर आलेल्या बिलांमुळे वीस तारखेची 3बी, म्हणजे कर भरायचं मासिक विवरणपत्र, हुकली, तर लेट फी मालकाची. ती दिवसाला 50 रुपये, व्यवहारच नसेल तर 20. बिलं वेळेत येऊनही मॅडमकडून राहिलं, तर ती रक्कम त्यांच्या फीमधून वजा. मूळ कर आणि त्यावरचं 18 टक्के व्याज मात्र सरकार नोंदणीधारकाकडूनच घेतं. करारात काहीही लिहा, नोटीस शेठच्याच नावाने येते.

सीएला ऑडिटच्या अटी लेखी ठरवून घ्याव्या लागतात, त्यांच्या संस्थेचं तसं मानकच आहे. हिशेब लिहिणाऱ्याच्या डोक्यावर अशी संस्था नाही. जे काय संरक्षण आहे ते या कागदातच.

आणि फी थकली तर? डेटा अडवून ठेवायचा, ही या धंद्यातली सर्रास रीत. पण 1872 च्या करार कायद्याचं कलम 171 काढून बघा. सगळ्या येण्यापोटी दुसऱ्याची वस्तू धरून ठेवण्याचा हक्क तिथे बँका, अडते, धक्केवाले, हायकोर्टाचे अ‍ॅटर्नी आणि विमा दलालांना आहे. अकाउंटंट त्या यादीत नाही. इतरांना तो स्पष्ट करार असेल तरच. खरं सांगायचं तर करारातही तो मागू नये. वीस तारखेच्या तोंडावर डेटा अडवणाऱ्याकडे दुसरी पार्टी कशाला येईल?

त्यापेक्षा अकाउंटंटने सरकारकडे लहान उद्योगांची उद्यम नोंदणी करावी. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सेवा दिली, की 2006 चा एमएसएमईडी कायदा लागू होतो. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचे. असेल तर ठरलेल्या तारखेला, पण 45 दिवसांपलीकडे नाही. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज.

मॅडमच्या मसुद्यात आणखी एक ओळ आहे, वकिलाला सुचली नसती अशी. नोटीस एक महिन्याची, पण मार्चमध्ये कुणीही कुणाला सोडायचं नाही.

शेठनी ती वाचली, हसले, आणि मार्चच्या पुढे पेनाने ऑडिटच्या धावपळीचा महिना लिहिला: 'सप्टेंबर'.