ताठ रेणूंचा धागा

(दृश्य: हर्णै बंदर. वाळूवर पसरलेली जाळी, ती शिवणारे हात.)

हे जाळं नायलॉनचं. गळाला लावतात तो तंगूसही नायलॉनचाच. नायलॉनच्या रेणूत कार्बनचे दुवे एकेरी बंधांनी जोडलेले असतात आणि प्रत्येक बंध गोल फिरू शकतो. म्हणून साखळी वेटोळी होऊन पडते. मासा हिसका देतो तेव्हा वेटोळी उलगडतात, धागा लांबतो, तुटत नाही.

(दृश्य: रेणूचं रेखाचित्र.)

केव्हलार नावाच्या कृत्रिम धाग्याची साखळी अशी वळतच नाही. तिच्यात बेंझिनची, म्हणजे सहा कार्बन अणूंची, कडी आहेत आणि प्रत्येक कडं समोरासमोरच्या टोकांनी जोडलेलं आहे. दोन कड्यांना जोडणारा अमाइड बंधही सहजी फिरत नाही. रेणू काठीसारखा सरळ राहतो. हीच कडी थोडी तिरकी, म्हणजे मेटा जागी जोडली, की साखळी वाकडी होते आणि नोमेक्स मिळतं. आगीशी झुंजणाऱ्यांच्या पोशाखाला ते उत्तम, पण ताकदीत केव्हलारच्या जवळपासही नाही. अणू तेच, फक्त जोडायची जागा बदलली!

१९६५मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांच्या हाती अशाच ताठ रेणूंचं एक द्रावण आलं, पातळ आणि गढूळ. बहुवारिकाचं, म्हणजे अशा लांब साखळी-रेणूंचं, द्रावण घट्ट आणि नितळ असायला हवं. यंत्राची बारीक भोकं बुजतील म्हणून सहकारी त्याचा धागा काढायला आधी तयारच नव्हता. पण ती गढूळता कचऱ्याची नव्हती. अरुंद खाडीत खूप बांबू सोडले, की त्यांना आडवंतिडवं राहायला जागा उरत नाही, तसे हे रेणू आपणहून एका दिशेला लागले होते. भोकातून जाताना ते आणखी सरळ झाले, शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी बांधल्या गेल्या. वजनाला वजन धरलं तर हा धागा पोलादाच्या पाचपट मजबूत.

मग आपल्या जाळ्यांत तो का नाही? किंमत आहेच, पण खरी अडचण त्या ताठपणाची. जाळं म्हणजे गाठीच गाठी, आणि गाठीत धागा वाकतो. वाकला की आतली बाजू दाबली जाते, आणि दाबाखाली केव्हलारची ताकद ताणातल्या ताकदीच्या पाव भागही नसते. त्यात हे ऊन. अतिनील किरणांनी अमाइड बंध तुटत जातात.

(दृश्य: गावातून जाणारी केबल.)

ऑप्टिकल फायबरच्या अनेक केबलींत मात्र हेच पिवळे धागे असतात. तिथे गाठ नाही, वरच्या आवरणामुळे ऊन नाही. काम एकच, लांबीच्या दिशेने येणारा ताण घेणं.