छू म्हणण्याआधी

नमस्कार मंडळी.

आपल्या कोकणात पाऊस ओसरला, हळवं म्हणजे लवकर येणारं भात पिवळं पडलं, आणि डोंगराच्या पायथ्याशी ज्यांची शेतं आहेत त्यांच्या घरात सध्या एकच विषय असणार. डुकरं. काल कुणाच्या कुणग्यात, भाताच्या खाचरात शिरली, आज कुणाची पाळी. खातात त्याचं एवढं वाटत नाही हो. खातात मूठभर आणि लोळवतात कुणगाभर, ते सकाळी उठून बघवत नाही.

परवा बाजारात एका तरुणाने मला अडवलं. मुंबईची नोकरी सोडून गावी शेती करायला आलेला. म्हणाला, "काका, मोबाइलवर बघतो मी, परदेशात शेतकरी रायफलला दुर्बीण लावून रात्री डुकरं टिपतात. आपण कुठली रायफल घ्यावी?" मी म्हटलं, "कुठलीच नाही." पोरगा नाराज झाला. भाजीची पिशवी हातात घेऊन उभ्याउभ्या किती सांगणार? म्हणून आज त्याला रेडिओवरून उत्तर देतो, तुम्हीही ऐका.

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, त्याचं कलम १३ बघा. पीक राखण्यासाठी त्यात नाव घेतलंय ते ठासणीच्या बंदुकीचं, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची ती. ती पुरणार नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते, म्हणजे आपली बारा बोरची एकनळी किंवा दुनळी. रायफलच्या नळीला आतून आटे असतात, त्यामुळे गोळी गिरकी घेत लांब जाते. पॉइंट टू-टूची रायफल त्या कलमात येते ती रायफल क्लबच्या सभासदासाठी, निशाणेबाजीच्या सरावाला. शेताचा तिथे संबंध नाही.

मला विचाराल तर कायदा इथे शहाणा आहे. पॉइंट टू-टूची गोळी दिसायला इवलीशी, पण सुटली की दीड किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. आपल्या गावात दीड किलोमीटरमध्ये काय काय येतं ते मोजा. खालची वाडी, देऊळ, शाळा, एसटीचा थांबा. आणि एवढं करून ती पक्क्या डुकराला पुरत नाही. ते जखमी होऊन करवंदीच्या जाळीत शिरतं आणि सकाळी सरपणाला गेलेल्या बाईच्या पुढ्यात उभं राहतं.

छर्‍याच्या बंदुकीबद्दलही पुष्कळ जण विचारतात. एअरगन म्हणा. पॉइंट वन-सेव्हन-सेव्हन बोरची आणि २० जूलपेक्षा कमी ताकदीची असेल तर तिला परवाना लागत नाही. पडवीतल्या उंदरापलीकडे तिचा उपयोग धरू नका. वानरांवर तर अजिबात रोखू नका. छर्रा अंगात राहून जनावर आठ-आठ दिवस सडतं, आणि गुन्हा दाखल होतो तो वेगळाच.

आता ठासणी. आमच्या आजोबांची होती. बार ठासायच्या तिच्या गजावर चाकूने दोन खुणा केलेल्या होत्या. रिकाम्या नळीत गज टाकला की वरची खूण नळीच्या तोंडाशी यायची. बार भरलेला असला की गज वर राहायचा आणि खालची खूण दिसायची. बंदूक हातात घेतली की आधी गज टाकून बघायचं, मग बाकीचं. भरलेल्या बंदुकीवर दुसरा बार ठासून नळी फुटल्याने बोटं गेलेली माणसं आमच्या लहानपणी पंचक्रोशीत होती. दुसरी गोष्ट, आपली हवा दमट. दारू ओल धरते. चाप ओढला, ठिणगी देणारी टोपी वाजली आणि बार गेला नाही, तर नळी तशीच मोकळ्या दिशेला धरून ठेवा, चांगलं मिनिटभर. कधीकधी बार उशिरा सुटतो. तोंड लावून नळीत डोकावणारे शूरवीर मी पाहिलेत. आणि वापर झाला की रात्रीच कढत पाण्याने नळी धुऊन, कोरडी करून तेल द्या. त्या दारूची राख लोखंड खाते. सकाळवर टाकलंत तर गंज धरलाच.

एक गैरसमज मात्र आजच काढून टाका. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नाही. रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतं. १ एप्रिल २०२३ पासून ते त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. उभ्या पिकाला धोका आहे म्हणून मारायचं तर वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी वेगळी घ्यावी लागते. आणि त्या परवानगीने मारलं तरी मेलेलं डुक्कर सरकारचं. वाटे घालायचे नाहीत. हे ऐकल्यावर निम्म्या लोकांचा बंदुकीतला रस जातो, हेही मी पाहिलंय.

शिवाय निवडणूक लागली की बंदूक बऱ्याचदा पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. २०२४ ला विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली. म्हणजे ऐन कापणीत. डुकरांना आचारसंहिता नसते.

आजोबा पोराटोरांना सांगायचे, "डुकराक कळाक होया, हय माणूस जागो आसा." आयुष्यात त्यांनी हवेतले बारच जास्त काढले. राखण करायची ती कुत्र्याने आणि माळ्यावरच्या, म्हणजे शेतातल्या मचाणावरच्या माणसाने.

माळा कुठे घालायचा याचं एक साधं गणित आहे. शाळेत आपण घोकलं होतं, दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे. पाऊस गेला की रात्री वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहतो. डुकरंही डोंगराकडूनच उतरतात. तेव्हा माळा शेताच्या खालच्या अंगाला, पश्चिमेला घाला. डुकराची नजर अधू, पण नाक भलतं तिखट. खालच्या बाजूला बसलात तर तुमचा वास त्याला लागत नाही आणि त्याचा वास तुमच्या कुत्र्याला आयता मिळतो. डुक्कर शेताच्या दगडी गडग्यापर्यंत यायच्या आधीच कुत्र्याचे कान उभे राहतात, मानेवरचे केस फुलतात, आणि पहिला आवाज निघतो तो भुंकण्याचा नसतो, घशातल्या घशात गुरगुरण्याचा असतो. ती गुरगुर ओळखायला शिका. तेव्हाच विजेरी मारली, डबा वाजवला, तर कळप तिथूनच मागे फिरतो.

कुत्रा कुठला? लातूरकडचा कारवान, कर्नाटकातला मुधोळ, यांची हल्ली फार चौकशी होते. मुधोळचं तर २००५ साली टपाल तिकीटही निघालं. देखणी जात. पण ही नजरेवर धावणारी कुत्री, मोकळ्या माळावर सशामागे सुटावीत अशी. आमच्या जांभ्याच्या कातळात आणि वेलींच्या गुंत्यात ती पाय मोडून घेतील. आपला गावठी कुत्रा बघा. ऊन-पाऊस सोसतो, मिळेल ते खातो, कान तिखट. पिल्लांतलं सगळ्यात दांडगं उचलू नका आणि कोपऱ्यात लपणारंही नको. स्टीलचं ताट खाली पाडा. दचकून पळेल आणि मग वास घ्यायला परत येईल, ते तुमचं.

आता माझी चूक सांगतो. आमच्याकडे बोक्या नावाचा कुत्रा होता. पिल्लू असताना मांजराच्या वाटीतलं दूध प्यायचा म्हणून नाव बोक्या. त्याला मी 'छू' शिकवलं होतं. ते शिकवायला काय लागतं? पाच मिनिटं. एका रात्री भुईमुगात एकटा नर आला आणि मी अंगात आल्यासारखा 'छू, छू' ओरडलो. बोक्या गेला. डुक्कर पळालं नाही. बांबूच्या बेटाला पाठ लावून उभं राहिलं आणि मान खालून वर फिरवली. एकदाच. मी बोक्याला हाका मारत होतो, पण 'ये' त्याला कधी शिकवलंच नव्हतं. पोटापासून बरगडीपर्यंत चीर गेली. टॉवेलात गुंडाळून, मोटरसायकलवर पुढ्यात घेऊन तालुक्याला नेला. वाचला. पण त्यानंतर दिवस मावळला की अंगणाच्या बाहेर त्याने पाऊल टाकलं नाही. आणि कायद्याने बघितलं तर कुत्रा घालून जनावर हाकणं हीसुद्धा शिकारच धरली जाते. दोन्हीकडून मीच चुकलो.

म्हणून आता मी 'ये' आधी शिकवतो. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की तीसेक हात काथ्याची दोरी गळपट्ट्याला बांधायची आणि रोज संध्याकाळी त्याच वेळी, त्याच वाटेने शेताच्या कडेने फेरी. गडगा ओलांडून गेलं की आपण थांबायचं, दोरी ताणू द्यायची आणि खाली बसून 'ये' म्हणायचं. बसलेल्या माणसाकडे पिल्लू लवकर येतं, करून बघा. आलं की भाकरीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा. सुकी मासळी नको, फार खारट. आणि कितीही उशिरा आलं तरी मारायचं नाही. उशीर झाला म्हणून टोला दिलात की त्याच्या हिशेबात 'ये' म्हणजे टोला. पुढच्या वेळी ते येणारच नाही. याला सहा महिने लागतात.

बंदुकीच्या बाराच्या आवाजाची सवयही अशीच. ते खात असताना लांब कुणीतरी ताट वाजवायचं, मग महिन्याभराने लांबवर लवंगी, मग जवळ. पहिल्याच दिवशी कानाशी बार काढलात तर कुत्रा जन्माचा भेदरला.

रात्री शेतात कुत्रा एकटा बांधून घरी झोपायला येऊ नका. तो बिबट्याला वाढलेलं पान आहे. नगरकडच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा खाल्लेल्या भक्ष्यात वजनाने सगळ्यात मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचाच निघाला, जवळजवळ ३९ टक्के. कुत्रा राहील तर माणसाजवळ. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि मग दर वर्षी. रानातून आला की कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचिडं बघायची. दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडताप आला तो गोचिडांमुळेच, हे इथल्या लोकांना मी सांगायला नको.

आमचा आताचा कुत्रा पिंट्या, आठ महिन्यांचा. परवा रात्री गडग्यापलीकडे खसफस झाली. तो गडग्यावर चढला, भुंकला आणि वळून माझ्याकडे बघत राहिला. मी 'ये' म्हटलं. आला, पण तीनदा म्हणावं लागलं. दोरी अजून सोडलेली नाही.

नमस्कार.